दूधसागरच्या वाटेवरील अशोक

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात एक गोष्ट अगदी सरळ सांगितली आहे. औषधींची नावे आणि रूपे अरण्यात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी जाणतात. सुश्रुतसंहितेतही भूमिप्रविभागीय अध्यायात गुराखी, तापस, व्याध आणि वनात वावरणारे यांच्याकडून औषधे ओळखून घ्यावीत, अशा आशयाचे मार्गदर्शन आहे. केवळ नाम-रूप जाणल्याने कोणी वैद्य होत नाही, योग जाणणारा तो तत्त्वविद, हेही चरक लगेच स्पष्ट करतात. आज आपल्या व्यवसायाची अवस्था मात्र नेमकी उलट झाली आहे. योग आपल्याला येतात, अनुपान येते, मात्रा येते. रूप येत नाही. आपल्याला ठाऊक असलेले रूप म्हणजे बाजारातून आलेले पोते, त्याच्या तोंडाशी बांधलेली चिठ्ठी आणि पुरवठादाराचा शब्द.

पदवी अभ्यासक्रमात वनौषधी-दर्शनाच्या सहली होतात. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली बस, गाणी आणि डबे आठवतात. त्या वयात ते स्वाभाविकही आहे. पण वीस वर्षे व्यवसाय केल्यानंतर, शेकडो रुग्णांना अशोकारिष्ट, विडंगारिष्ट लिहून दिल्यानंतर जेव्हा माणूस अरण्यात जातो, तेव्हा त्याचे पाहणे वेगळे असते. या विचाराने आमच्या शाखेतील अकरा जणांनी २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस गोव्यातील कुळें येथून दूधसागर धबधब्यापर्यंत पायी जाण्याचे ठरविले. त्यात सात व्यावसायिक वैद्य होते, तीन औषधनिर्माते होते आणि द्रव्यगुण विषय शिकविणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. वनखात्याची परवानगी घेतली होती आणि सोबत त्या भागातलेच, पन्नाशी ओलांडलेले एक वाटाडे होते. आम्ही त्यांना दादा म्हणत होतो. ते आम्हा अकराही जणांना सरसकट ‘डॉक्टर’ म्हणत होते.

ऑक्टोबर का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. पावसाळ्यात दूधसागर सर्वांत भव्य दिसतो हे खरे. परंतु त्या काळात ओहोळांना पूर असतो, जीपचा रस्ता बंद असतो आणि रेल्वेमार्गावरून चालत जाण्यास मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये ही मनाई मोडून आलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्याचे वृत्त सर्वत्र गाजले होते. उलट डिसेंबरनंतर अरण्य कोरडे होऊ लागते आणि गोचिडांचा काळ सुरू होतो. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ पासून आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा गोचिडांतून पसरणारा आजार आहे आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे या महिन्यांत असतो, हे त्या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्यांनी आणि तेथे फिरावयास जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण शास्त्रातले आहे. कल्पस्थानात चरकांनी द्रव्यसंग्रहाचे ऋतू सांगितले आहेत. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, सार हेमंतात, आणि त्वचा, कंद व क्षीर शरदात. आमच्या यादीतील बहुतेक द्रव्ये सालींची होती. साल ज्या ऋतूत घ्यावयाची, त्या ऋतूत ते झाड कसे दिसते हे पाहावे, असे प्राध्यापिकाबाईंनी सुचविले आणि तिथी ठरली. फुलांची हौस असणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. आपण विकत घेतो ती साल. फुलावरून ओळखण्याची सोय पोत्यात नसते.

कुळें हे धारबांदोडा तालुक्यातील गाव. येथून भगवान महावीर अभयारण्य सुरू होते. त्याच्या पोटात मोले राष्ट्रीय उद्यान आहे आणि दोहोंचे मिळून क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर भरते. गावापासून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत दहा किलोमीटरहून थोडी अधिक वाट. वाटेत नदी व ओहोळ ओलांडावे लागतात, ऑक्टोबरात पाणी गुडघ्यापर्यंत येते. धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरतो. त्याचे पाणी दूधसागर नदीतून खांडेपार नदीत, आणि खांडेपारमधून मांडवीत जाते. वाटेत ओपा येथे हे पाणी उचलले जाते आणि फोंडा-पणजीच्या नळांना येते. पणजीतील एखादा वैद्य काढ्यासाठी सोळापट पाणी मोजून घेतो, तेव्हा ते याच डोंगरातून आलेले असते.

एक गोष्ट आधीच सांगणे उचित ठरेल. ही वाट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सदाहरित वर्षावन आहे, अशी कल्पना करून कोणी जाऊ नये. पहिले तीन-चार किलोमीटर पानझडी-मिश्र अरण्य आहे. किंजळ, ऐन, नाणा, कुंभा, सातवीण, मध्येच काजरा. उक्षीच्या वेलांची जाळी. खरे वर्षावन लागते ते ओहोळांच्या घळीत. दोन पावलांत उजेड हिरवट होतो, पायाखालची माती मऊ पडते, डोक्यावर पानांचे तीन-तीन थर चढतात आणि हातभर जाडीच्या गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या दिसतात. आनूप देशाचे वर्णन आपण वर्गात वाचलेले असते. त्या घळीत दहा मिनिटे उभे राहिले की कपडे ओलसर होतात, श्वास जड होतो, आणि कफ-वातप्रधान देश म्हणजे काय हे सांध्यांना कळते. आमच्यातील एका ज्येष्ठ वैद्यांच्या गुडघ्याने ते सर्वांआधी ओळखले.

घळीतच जळवांची गाठ पडली. ऑक्टोबरअखेरीस त्या कमी झालेल्या असतात, तरी ओल्या पाचोळ्यात होत्याच. दादांनी काठीच्या टोकाला मिठाची पुरचुंडी बांधून घेतली होती. ती टेकवली की जळू सुटते. न सुटणाऱ्या जळूच्या मुखावर सैंधव टाकण्यास सुश्रुतांनी सांगितले आहे, त्याची आठवण सर्वांनाच झाली. आमच्यातील एका तरुण वैद्याने हौसेने कपिला, पिंगला, शंकुमुखी अशी नावे घेत वर्गीकरण आरंभिले. तेव्हा बाईंनी त्याला थांबविले. संहितेतील बारा प्रकार पाण्यातील जळवांचे आहेत, तसे त्यांच्या नावाच्या निरुक्तीतच आहे. पाचोळ्यातील ही जमिनीवरची जळू निराळी. ती पकडून आणून अवचारणासाठी वापरू नये. व्यावहारिक सूचना म्हणून इतकेच नोंदवितो की जळूच्या लाळेतील द्रव्यामुळे दंशानंतर बराच वेळ रक्त वाहत राहते. रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे चालू असलेल्या रुग्णाने अशा वाटेला जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा. इतरांना हळद दाबून धरणे पुरते.

आता मूळ विषय. अशोक.

दुसरा ओहोळ ओलांडल्यावर दादा थांबले आणि पाण्याकडे झुकलेल्या एका मध्यम उंचीच्या झाडाकडे त्यांनी बोट दाखविले. अकरा जणांपैकी फक्त तिघांनी ते ओळखले. त्यात नवल नाही. फुलांचे दिवस नव्हते. पण पाहावयाच्या खुणा सगळ्या होत्या. संयुक्त पान, त्यात पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. एका फांदीच्या शेवटी कोवळी पालवी फुटली होती. ती लुळी पडून खाली लोंबत होती आणि तिचा रंग तांबूस होता. ताम्रपल्लव हा पर्याय निघंटूकाराने काय पाहून दिला असेल, हे समजावण्यास मग कोणाची गरज उरली नाही. हेमपुष्प हा पर्याय वसंतात जाऊन पाहावा. अशोकाला पाकळ्या नसतात. आपण फूल म्हणून पाहतो तो निदलांचाच रंग, आधी केशरी-पिवळा आणि मग लाल होत जाणारा. फुलांचे घोस पुष्कळदा जुन्या फांदीच्या सालीतून थेट बाहेर येतात.

साल पाहा, असे बाई म्हणाल्या. हात लावण्यास हरकत नव्हती, ओरबाडण्यास होती. बाहेरून करडी-हिरवट, बरीचशी गुळगुळीत, तिच्यावर बारीक गोल वातरंध्रे आणि आडव्या उंचवट्याच्या रेषा. मधूनमधून शेवाळ-दगडफुलाचे पांढुरके ठिपके. वाळलेल्या सालीत आतला भाग तांबूस-तपकिरी दिसतो, मोडली तर तंतुमय तुटते आणि बाहेरच्या बुचासारख्या थराखाली एक पातळ, सलग, पांढुरकी रेघ दिसते. चव तुरट. हे वर्णन आयुर्वेदिक फार्माकोपियात आहे, आपण सर्वांनी वाचलेले आहे. माझ्यासोबतच्या एका औषधनिर्मात्याने मात्र खोडावर तळहात ठेवून पाहिल्यावर जे वाक्य उच्चारले ते मला महत्त्वाचे वाटते. “बावीस वर्षे ही साल विकत घेतोय,” ते म्हणाले, “आज पहिल्यांदा ती ओली पाहिली.”

बाजारात अशोकाच्या नावाने काय येते, हे या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. शाळांच्या, कचेऱ्यांच्या कुंपणांना सरळ रांगेत लावलेले, उंच वाढणारे, नागमोडी कडांच्या लांब पानांचे जे झाड लोक अशोक म्हणून ओळखतात, तो आसुपालव. त्याचे कुळ सीताफळाचे. खऱ्या अशोकाचे कुळ शिंबी वर्गातले. दोघांत नावापलीकडे काही नाते नाही. पण आसुपालव शहरात वाटेल तेवढा मिळतो, त्याची छाटणी नेहमी चालू असते, साल फुकट पडते. अशोक मिळतो तो अशा ओहोळाच्या काठी, एक येथे आणि दुसरा दोन वळणे पलीकडे. सराका असोका ही जाती जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ वर्गात नोंदलेली आहे. दादांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण ते म्हणाले, “हें झाड आमी कापिनांत.” का, असे विचारल्यावर त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले. याची मुळे काठ धरून ठेवतात. झाड गेले की काठ जातो.

परंतु न कापणे आणि न सोलणे यांत फरक आहे. तो आम्ही त्याच दिवशी सकाळी पाहिला होता. अभयारण्याच्या तपासणी नाक्याच्या अलीकडे, एका खाजगी जमिनीच्या कडेला एक वाळलेला बुंधा उभा होता. माणसाचा हात पोहोचेल तेथपर्यंत चारही बाजूंनी साल काढून नेलेली. तेव्हा आम्ही तो नुसता पाहून पुढे गेलो होतो. ओहोळाकाठचे झाड पाहिल्यावर दादा सहज म्हणाले की सकाळचे ते झाडही हेच. पानात तयार झालेले अन्न मुळांकडे जाते ते सालीच्या आतल्या थरातून. उभी पट्टी काढली तर झाड ती जखम हळूहळू भरून काढते; पूर्ण वेढा सोलला तर मुळे उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या मरते. सोलणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, कारण वजनावर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे येण्याचा त्याचा बेत नसतो.

त्यानंतरची वाट बराच वेळ गप्पच गेली. मग त्याच औषधनिर्मात्यांनी हळू आवाजात बाईंना विचारले, “माझ्या गोदामातल्या पोत्यात अशाच झाडाची साल असेल का?” बाई म्हणाल्या, “असेल तर तुमचे पोते खरे आहे.”

या उत्तरात आपल्या व्यवसायाची सगळी अडचण आली. पोते खरे असेल तर कोठेतरी एक झाड मेलेले आहे; पोते खोटे असेल तर औषध घेणारी स्त्री फसलेली आहे. तिसरी शक्यता, म्हणजे लावलेल्या झाडाची, रीतीने काढलेली साल, आज बाजारात इतकी थोडी आहे की तिच्यावर कोणी आपले उत्पादन बेतू शकत नाही.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अशोकारिष्टाच्या प्रमाणित पाठात ४.८ किलो अशोकत्वक्, ४९.१५२ लिटर पाणी, चतुर्थांश म्हणजे १२.२८८ लिटर क्वाथ, त्यात ९.६ किलो गूळ आणि ७६८ ग्रॅम धायटीची फुले, बाकी प्रक्षेपद्रव्ये प्रत्येकी ४८ ग्रॅम. गुळाने आकारमान वाढते हे धरले तरी एका लिटरमागे पाव किलोच्या आसपास साल पडते. बाजारात मिळणाऱ्या ४५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सव्वाशे ग्रॅमच्या आगेमागे. रुग्णाला आपण सहजपणे तीन महिने घ्या म्हणून सांगतो. दिवसाला चाळीस मिलिलिटर धरले तर तिला आठ बाटल्या, म्हणजे एक किलो साल. एका रुग्णाची. आपापल्या चिकित्सालयातील वर्षभराच्या रुग्णांशी ही संख्या गुणून पाहावी आणि मग त्या ओहोळाकाठचे एक झाड, दोन वळणे पलीकडचे दुसरे झाड आठवावे.

अशोकाइतका वेळ इतर द्रव्यांना मिळाला नाही, तरी दोन उल्लेख आवश्यक आहेत. पहिला नागकेशराचा. घळीच्या वरच्या अंगाला दादांनी नागचाफ्याचे झाड दाखविले. भाल्यासारखी अरुंद पाने, खालून पांढुरकी. शास्त्रोक्त नागकेशर म्हणजे याच्या फुलातील पुंकेसर. बाजारात मात्र तांबडे नागकेशर म्हणून येतात त्या पुष्कळदा सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्या, आणि काळे नागकेशर म्हणून येतात ती तमाल-दालचिनीच्या जातीची कच्ची फळे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील वाचकांना सुरंगी सांगावी लागणार नाही. फाल्गुन-चैत्रात तिचे वळेसर बाजारात येतात आणि वासाने रस्ता भरतो. सुरंगी वाईट द्रव्य आहे असे कोणी म्हणत नाही. पण ती सुरंगी म्हणून विकली जावी. नागकेशराची पुंकेसरे वेचण्यास मजुरी किती पडते आणि सुरंगीची कळी झाडाखाली चादर अंथरून कशी गोळा होते, हे पाहिले की बाजाराने हा बदल का केला ते कळते.

दुसरा विडंगाचा. दादांनी ‘वावडिंग’ म्हणून एक झुडूपवजा झाड दाखविले. बाईंनी ते पाहून सांगितले की हे एम्बेलियाच आहे, पण त्सेरियम-कोट्टम जातीचे. शास्त्रसंमत एम्बेलिया रायबिस ही मोठी काष्ठमय वेल असते. गावात दोघांनाही नाव एकच. येथे वनवासीयाला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या जंतावरच्या उपयोगापुरते ते नाव बरोबर आहे. औषधनिर्मात्यांसाठी नोंद अशी की विडंगाच्या ईथरमधील अर्कात सौम्य क्षार घातल्यावर जो जांभळा रंग येतो तो एम्बेलिनचा आहे, आणि एम्बेलिन या दुसऱ्या जातीतही असते. तेव्हा नुसत्या रंगपरीक्षेवर माल स्वीकारू नये. फळाचे बाह्यरूप, सूक्ष्मदर्शकीय परीक्षा आणि टीएलसी तिन्ही जुळले पाहिजेत.

नाम-रूप जाणणारा आणि योग जाणणारा एकत्र चालले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच माणसांचे आहे. कोचीच्या डच गव्हर्नर व्हान र्‍हेडे यांनी सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य बसले होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात, १६७८ साली, नागरी अक्षरांत छापलेले आहे. झाडे अरण्यातून आणणारे लोक वेगळे होते. ती समोर ठेवून निघंटूच्या आधारे नाव, गुण आणि उपयोग सांगणारे हे वैद्य होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे त्यांना जमले ते आज प्रत्येक शाखेला वर्षातून एकदा जमण्यास हरकत नसावी.

धबधब्यापाशी आम्ही दुपारी एकच्या सुमारास पोहोचलो. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे; मी थोडक्यात आवरतो. आधी आवाज येतो, मग पानांच्या फटीतून पांढरा रंग, आणि मग एकदम सगळा डोंगर. पाण्याच्या अंगावरून, मध्यावर, रेल्वेचा कमानी पूल गेला आहे. आम्ही उभे असताना वरून एक मालगाडी गेली. धबधब्यापुढे ती मुलांच्या खेळण्याएवढी दिसली. स्नान करणाऱ्या राजकन्येची लज्जा राखण्यासाठी दुधाचा पडदा ओतला गेला, ही लोककथा दादांनी न विचारता सांगितली. प्रत्येक वाटाडा ती सांगतो. शरदातले, अगस्त्योदयानंतरचे पाणी, त्यात निर्झराचे, म्हणजे लघु, दीपन आणि कफघ्न. सर्व लक्षणे जुळत होती. तरीही वरच्या अंगाची वर्दळ पाहता ते कोणी प्यायले नाही, सोबत आणलेले उकळून गार केलेले धने-जिऱ्याचे पाणीच प्यायलो. डोहात उतरणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट घालूनच उतरावे. काठापासून चार हातांवर तळ एकदम खोल जातो.

त्या पुलावरच्या मार्गाबद्दल दोन वाक्ये लिहिणे प्राप्त आहे. याच अरण्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग टाकण्याच्या प्रस्तावाला २०२० पासून गोव्यात मोठा विरोध झाला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द ठरविली. त्या वादात वाघ आणि पाणी हे विषय पुढे आले, ते योग्यच. पण ज्या झाडांवर आपला निघंटू उभा आहे ती त्याच घळींत आहेत, हा मुद्दा मांडणे हे वैद्यांचे काम होते असे मला वाटते. वन्यजीवप्रेमी ते आपल्यासाठी करणार नाहीत.

परतताना दादांच्या मेहुण्यांच्या कुळागरात चहा झाला. कुळागर हा शब्द घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. डोंगराच्या पायथ्याशी पाटाच्या पाण्यावर केलेली सुपारीची बाग, तिच्यात नारळ, केळी, मिरवेल, जायफळ, भिरंड म्हणजे कोकम, फणस असे सारे थरांनी लावलेले. सावली आहे, ओल बारमाही आहे, माती पालापाचोळ्याची आहे. ओहोळाकाठच्या अशोकाला जे लागते ते सगळे येथे आहे. पाटाच्या वळणावर दोन अशोक उभेही होते, आजोबांनी शोभेसाठी लावलेले. मालकांना विचारले, आणखी लावाल का? त्यांनी विचारले, “घेणार कोण?”

या प्रश्नावर आमच्या तीन औषधनिर्मात्यांत कुळें स्थानकापर्यंत वाद चालला. एकाचे म्हणणे, व्यापाऱ्याचा भाव आणि या मालकाचा भाव कधीच जुळणार नाही. ते खरे आहे, कारण व्यापाऱ्याच्या भावात झाड वाढविण्याचा खर्च नाही. ते झाड कोणी वाढविलेलेच नाही. दुसऱ्याचे म्हणणे, सुपारी दरवर्षी पैसा देते, साल काढण्याजोगे खोड होण्यास दहा-बारा वर्षे थांबावे लागेल, तोवर मालकाने काय करावे? तिसरे, ज्यांनी गोदामातील पोत्याबद्दल विचारले होते ते, म्हणाले की झाडामागे दरवर्षी थोडी रक्कम आगाऊ द्यावी, लेखी करार करावा आणि साल मुख्य खोडाची न घेता रीतीने छाटलेल्या जाड फांद्यांची घ्यावी. ती मानकांस उतरते की नाही हे प्रत्येक खेपेस तपासावे. लहान औषधशाळेला हे एकटीने झेपणार नाही. पाच-सहा जणांनी मिळून एका गावातील कुळागरे धरली तर झेपेल.

कायद्याची बाजूही आता अनुकूल आहे. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीखालील औषधी वनस्पतींना वेगळी वागणूक दिली आहे, आणि त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लागवडीचे उगम-प्रमाणपत्र मिळविण्याची तरतूद आहे. असे प्रमाणपत्र असलेली साल घेणाऱ्यास तपासणीच्या वेळी उत्तर शोधावे लागत नाही. अभयारण्यातून काही उचलणे तर कायद्याने निषिद्धच आहे. आमच्या दादांनी गळून पडलेले पानही परत खाली ठेवावयास लावले होते.

ज्यांना या वर्षीच आरंभ करावयाचा असेल त्यांनी एक लक्षात ठेवावे. अशोकाच्या शेंगा पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतात आणि बी फार लवकर निर्जीव होते. डब्यात भरून दिवाळीपर्यंत ठेवलेले बी रुजत नाही. शेंग तडकून बी पडले की ते त्याच आठवड्यात ओल्या वाळूत किंवा पिशवीत, सावलीत लावावे. कुळागराच्या मालकांनी जूनमध्ये दूरध्वनी करण्याचे कबूल केले आहे. पाटाच्या वळणावरच्या त्या दोन झाडांचे बी आमच्या शाखेतील चौघे वाटून घेणार आहेत, आणि पिशव्या भरण्यासाठी माती-शेणखताची व्यवस्था ज्येष्ठ वैद्यांनी, गुडघा दुखत असतानाही, स्वतःच्या परसात केली आहे.